निर्बंध किती, याआधी कशावर

आर्थिक धोरण, आहार, कायदा, संगणकाची सुरक्षा किंवा शरीरातला एखादा अवयव, विषय कोणताही असो, निर्बंधाचा मुद्दा निघाला की चर्चा लगेच प्रमाणाकडे वळते. निर्बंध कडक आहे की सैल, तो वाढवावा की उठवावा, एवढ्यावरच दोन तट पडतात. मी पुलांचे आणि इमारतींचे संकल्पन करणारा अभियंता आहे आणि माझ्या कामात हा प्रश्न या रूपात सहसा विचारलाच जात नाही. तिथे आधी पाहावे लागते ते हे की नेमकी कोणती हालचाल अडवली आहे. आणि त्यापाठोपाठ हे, की अडवलेली हालचाल आता ताणाच्या रूपाने कुठे जाणार आहे. इतर क्षेत्रांतले निर्बंध समजून घेत गेलो तशी माझी खात्री होत गेली की हेच दोन प्रश्न तिथेही तितकेच महत्त्वाचे आहेत, आणि ते बाजूला ठेवून केवळ प्रमाणावर घातलेला वाद बहुतेक वेळा निष्फळ ठरतो.

पुलाचेच उदाहरण आधी घेतो, कारण ते आकड्यांत मांडता येते. पोलाद तापले की प्रसरण पावते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर एक मीटर लांबीमागे ही वाढ साधारण १२ मायक्रोमीटर असते, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडी अधिक. ऐकायला हे नगण्य वाटते. पण १०० मीटर लांबीच्या गर्डरमध्ये, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईत, ४० अंशांचा फरक पडला तर त्याची लांबी ४८ मिलिमीटरने, जवळपास पाच सेंटिमीटरने बदलते. म्हणून अशा गर्डरच्या एका टोकाखाली स्थिर बेअरिंग, म्हणजे तो ज्यावर टेकतो तो आधार, आणि दुसऱ्या टोकाखाली सरकते बेअरिंग बसवतात, आणि रस्त्याच्या पृष्ठभागात एक्स्पान्शन जॉइंटची फट ठेवतात. हे सरकते टोक मोकळे नसते, हे नीट पाहण्यासारखे आहे. ते खाली जाऊ शकत नाही, बऱ्याच रचनांत ते बाजूलाही सरकू शकत नाही. त्याला फक्त लांबीच्या दिशेने वाट दिलेली असते.

ती वाट बंद झाली, म्हणजे बेअरिंग गंजून जाम झाले किंवा जॉइंटच्या फटीत खडी आणि माती घट्ट बसली, तर गर्डर प्रसरण पावत नाही, पण प्रसरणाची प्रवृत्ती काही नाहीशी होत नाही. दोन्ही टोके पूर्णपणे जखडलेली आहेत असे धरून हिशेब केला तर ४० अंशांच्या तापमानवाढीने पोलादात सुमारे ९६ मेगापास्कल इतका दाब निर्माण होतो. सर्वसाधारण बांधकामाच्या पोलादाची उत्पन्न मर्यादा, म्हणजे ज्यापलीकडे त्याचा आकार कायमचा बिघडतो ती, २५० मेगापास्कल असते. म्हणजे पुलावर एकही वाहन आलेले नसताना त्याच्या क्षमतेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग केवळ उन्हाने खर्ची पडलेला असतो. शिवाय हा दाब गर्डरच्या लांबीवर अवलंबून नसतो. दहा मीटरचा तुकडा जखडला तरी तो तेवढाच येतो.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की बंधन वाईट आणि मोकळीक चांगली, तर तो चुकीचा ठरेल. दोन आधारांवर नुसती टेकवलेली तुळई आणि दोन्ही टोकांना पक्की जखडलेली तुळई यांवर सारखाच समान पसरलेला भार ठेवला, तर जखडलेल्या तुळईचा मध्यावरचा वाक दुसरीच्या एक पंचमांश भरतो, कारण टोकांचे फिरणे अडवलेले असते. मध्यावरचे बलघूर्ण, म्हणजे तुळईला वाकवणारा जोर, एक तृतीयांशावर येते. मात्र टोकांना, जिथे आधी शून्य बलघूर्ण होते तिथे, मध्यापेक्षा दुप्पट बलघूर्ण येऊन बसते, आणि तिथले सळईकाम त्या हिशेबाने करावे लागते. त्यातच एखादा आधार थोडा जरी खचला तरी टेकवलेली तुळई निमूटपणे त्याच्याबरोबर खाली बसते, जखडलेली मात्र नवा ताण अंगावर घेते. बंधनाने भार नाहीसा केलेला नसतो. त्याचा पत्ता बदललेला असतो. नवा पत्ता ठाऊक असेल आणि तिथे तजवीज केलेली असेल, तर तेच बंधन रचनेचे बळ ठरते. सलग जोडलेले रेल्वेरूळ याच तत्त्वावर चालतात. त्यांना प्रसरणासाठी फटी नसतात, स्लीपर आणि खडी त्यांना घट्ट धरून ठेवतात, आणि रूळ ठरावीक तापमानाला ताणमुक्त करून बसवलेले असल्यामुळे नंतर किती ताण किंवा दाब येईल हे आधीच ठाऊक असते. खडीची पकड ढिली झाली आणि कडक ऊन पडले, तर तोच दाब रुळाला बाजूला वाकवतो.

वैद्यकशास्त्रात ‘रेस्ट्रिक्टिव्ह’, म्हणजे निर्बंधात्मक, ही संज्ञा अगदी काटेकोर अर्थाने वापरली जाते आणि मला तिचा वापर फार शिकवणारा वाटतो. फुप्फुसांच्या तपासणीत माणसाला खोल श्वास घ्यायला सांगतात आणि मग सगळा जोर लावून, हवा संपेपर्यंत, नळीत फुंकायला लावतात. या स्पायरोमेट्रीत दोन आकडे मुख्य असतात: एकूण किती हवा बाहेर पडली, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती पडली. समजा एका व्यक्तीने एकूण ४ लिटर हवा सोडली पण पहिल्या सेकंदात केवळ २ लिटर, तर गुणोत्तर निम्मे आले. दुसरीने एकूण २ लिटरच सोडली, पण त्यातली १.७ लिटर पहिल्याच सेकंदात, म्हणजे गुणोत्तर ०.८५. धाप दोघांनाही लागते. पहिल्या व्यक्तीचा दोष वाटेत आहे, श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, आणि दम्यात दिसणारा हा ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ प्रकार. दुसरीच्या वाटा मोकळ्या आहेत, पण फुप्फुस पुरेसे फुगतच नाही. हा ‘रेस्ट्रिक्टिव्ह’ प्रकार. श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाचा उपयोग पहिल्या व्यक्तीला होईल. दुसरीच्या मूळ दोषावर त्याचा उपयोग नाही, कारण जे आधीच मोकळे आहे ते अधिक मोकळे करून काय साधणार?

दुसऱ्या व्यक्तीच्या बाबतीतही शोध तिथे संपत नाही. स्पायरोमेट्रीत फुप्फुसात मागे उरलेली हवा मोजली जात नाही, म्हणून रेस्ट्रिक्टिव्ह दोषाची खात्री करायला फुप्फुसांची एकूण धारणक्षमता वेगळ्या पद्धतीने मोजावी लागते. ती खरोखर कमी निघाली, तरी कारण फुप्फुसाच्या ऊतीत असू शकते, म्हणजे ती तंतुमय होऊन ताठरलेली असते; किंवा ते फुप्फुसाच्या बाहेर असते, पाठीच्या कण्याच्या बाकामुळे छातीचा पिंजरा उघडत नसतो किंवा श्वासाचे स्नायू दुर्बळ झालेले असतात. स्पायरोमेट्रीचा आकडा या सगळ्यांत सारखाच येऊ शकतो, उपचार मात्र वेगवेगळे करावे लागतात.

हृदयाच्या रेस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपथीत दाब कुठे जातो हे आणखी स्पष्ट दिसते. या विकारात हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंती ताठर होतात. अॅमिलॉइड नावाची प्रथिने साठल्यामुळे असे घडू शकते. आकुंचन बऱ्याचदा ठीक चाललेले असते, त्यामुळे हृदय रक्त किती ढकलते एवढेच पाहिले तर बराच काळ काही वावगे दिसत नाही. अडचण असते ती रक्त भरून घेण्यात. भरून न घेतलेल्या रक्ताचा दाब मागे सरकतो, वरचे कप्पे मोठे होतात, फुप्फुसांत रक्तसंचय होतो, पोटात पाणी साठते, पाय सुजतात. अटकाव हृदयात असतो आणि रुग्ण तक्रार घेऊन येतो ती सुजलेल्या पायांची.

समाजावर आणि बाजारावर घातलेल्या निर्बंधांतही असेच घडते, फरक इतकाच की इथला ताण कोणत्याही यंत्राने थेट मोजता येत नाही. अलास्काच्या किनाऱ्यावरील हॅलिबट माशाच्या मासेमारीचा इतिहास मला या दृष्टीने सर्वांत बोलका वाटतो. मासा टिकावा म्हणून एकूण किती मासा धरायचा याची मर्यादा ठरलेली होती, आणि ती पाळली जावी म्हणून हंगामाची लांबी कमी करण्याचा मार्ग निवडला गेला. किती बोटींनी यायचे यावर बंधन नव्हते. हंगाम आखडला तशा बोटी वाढल्या, त्यांची ताकद वाढली, म्हणून हंगाम पुन्हा आखडावा लागला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रमुख क्षेत्रांत वर्षभरात जेमतेम २४ तासांचे दोन-तीन हंगाम उरले. निर्बंधाच्या कडकपणात आता काहीच कमी नव्हते. तरीही त्या २४ तासांत वादळ असले तरी बोटी समुद्रात जात, कारण त्या दिवशी न जाणे म्हणजे त्या हंगामावर पाणी सोडणे होते. झेपतील त्याहून जास्त गळ टाकले जात, वेळ संपली की त्यांतले काही तसेच सोडून दिले जात आणि त्यांना लागलेला मासा वाया जाई. सगळा मासा एकदम बंदरावर येई, त्यातला बहुतेक गोठवावा लागे, आणि ताजा मासा वर्षातले अगदी थोडे दिवस मिळे.

१९९५ मध्ये बंधनाची जागा बदलली. एकूण धरण्याची मर्यादा तशीच होती, पण ती आता वैयक्तिक वाट्यांमध्ये विभागली गेली आणि ज्याचा वाटा त्याने हवा तेव्हा धरावा असे ठरले. हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. वादळात निघण्याची सक्ती उरली नाही, समुद्रात सोडून दिलेल्या गळांचे प्रमाण घटले, ताजा मासा बाजारात दीर्घकाळ येऊ लागला. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. वाटे विकता येत असल्यामुळे ते कमी हातांत गोळा होऊ लागले आणि नव्याने या व्यवसायात येणाऱ्याला आधी वाटा विकत घेण्याइतके भांडवल उभे करावे लागते. इथेही दाब नाहीसा झाला नाही, तो समुद्रावरून भांडवलाच्या बाजारात गेला. पण माणसांचे जीव वादळात घालण्यापेक्षा तो तिथे गेलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे त्यावर आणखी उपाय योजता येतात.

मध्यवर्ती बँकेचे पतधोरण निर्बंधात्मक आहे की नाही, या प्रश्नात तर नुसता आकडा पूर्णपणे फसवतो. व्याजदर ८ टक्के आणि महागाई १० टक्के असेल तर कर्ज घेणाऱ्याला प्रत्यक्षात प्रोत्साहनच मिळत असते. व्याजदर ४ टक्के आणि महागाई २ टक्के असेल तर तेच धोरण अटकाव करणारे असू शकते. महागाई वजा जाता उरणारा वास्तव दर त्या अर्थव्यवस्थेच्या तटस्थ दराहून, म्हणजे तिला ना चालना देणाऱ्या ना रोखणाऱ्या दराहून, वर आहे का, हे पाहावे लागते, आणि तटस्थ दर थेट मोजता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. अमेरिकेत पॉल व्होल्कर यांच्या अध्यक्षतेखाली फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने १९७९ पासून पैशाचा पुरवठा आवळला, अल्पमुदतीचे दर २० टक्क्यांच्या आसपास गेले, आणि मार्च १९८० मध्ये १४.८ टक्के असलेली महागाई १९८३ मध्ये ४ टक्क्यांच्या खाली आली. याच धोरणाचा दाब बेरोजगारीत उतरला, आणि ती १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्क्यांवर पोहोचली. महागाई रोखणे आवश्यक होते हे मान्य करूनही मला वाटते की हे दोन आकडे नेहमी एकत्र सांगितले जावेत, कारण एका आकड्याची किंमत दुसऱ्या आकड्यातल्या माणसांनी मोजली.

माणसाच्या शरीरावर घातलेल्या बंधनाचा दाब मनात कसा उतरतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात दिसले. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे समजण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, ते अपेक्षितच होते. पण त्याबरोबर त्यांचे विचार, बोलणे आणि स्वप्नेही अन्नाने व्यापली, काही जण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, चिडचिड आणि औदासीन्य वाढले. आहारावरचे बंधन केवळ उष्मांकांत मोजणाऱ्या प्रत्येकाने या प्रयोगाची निरीक्षणे वाचायला हवीत.

संगणकाच्या सुरक्षेत याच चुकीची एक छोटी पण रोजची आवृत्ती आहे. पासवर्डमध्ये मोठे अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे, आणि तो दर काही महिन्यांनी बदलायलाच हवा, असे नियम वर्षानुवर्षे लादले गेले. माणसाच्या स्मरणशक्तीवर पडलेला हा दाब ठरावीक वाटेने बाहेर पडला: पहिले अक्षर मोठे, शेवटी एक अंक, त्यापुढे उद्गारचिन्ह, आणि बदलायची वेळ आली की तोच अंक एकाने वाढवलेला. हे साचे ओळखणे चोराला सोपे गेले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत असे रचनेचे नियम आणि कारणाशिवाय ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती टाळावी असे सांगितले. याच क्षेत्रातले दुसरे बंधन मात्र पक्के उभे आहे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. हे बंधन पासवर्डच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक आहे, पण योग्य रीतीने आखले तर ते कामाच्या आड येत नाही, कारण कामाला जे लागतच नाही तेवढेच ते काढून घेते.

अडवण्यातून नवी क्षमता निर्माण होते अशीही उदाहरणे आहेत आणि ती मला विशेष प्रिय आहेत. गणितात साइन हे फलन त्याच किमती पुन्हा पुन्हा घेते, त्यामुळे किमतीवरून कोन सांगता येत नाही; कोन उणे ९० ते अधिक ९० अंशांपुरता मर्यादित केला की प्रत्येक किमतीला एकच कोन उरतो आणि व्यस्त फलन, म्हणजे किमतीवरून कोन सांगणारे फलन, अस्तित्वात येते. रसायनशास्त्रात कार्बनच्या दुहेरी बंधाभोवती अणुगट मोकळेपणाने फिरू शकत नाहीत, म्हणून तेच अणू त्याच क्रमाने जोडलेले असूनही दोन वेगळे पदार्थ संभवतात. आपल्या डोळ्यातील रेटिनल या रेणूतले असे एक अडवलेले बंधस्थान प्रकाश पडताच फिरते, रेणूचा आकार बदलतो, आणि पाहण्याची क्रिया तिथून सुरू होते. भुजंगप्रयात वृत्तात लिहिणाऱ्या कवीला ओळीची बारा अक्षरे आणि लघुगुरूंचा क्रम ठरवून मिळतो, आणि त्यामुळेच ती ओळ कानाला आधीच ओळखीची वाटते.

जीवाणूंची गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगायला हवी. काही जीवाणूंमध्ये विषाणूंची वाढ रोखली जाते, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आले आणि त्या रोखण्याला ‘रेस्ट्रिक्शन’ म्हटले गेले. पुढे व्हर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनिएल नेथन्स यांच्या कामातून उलगडले की जीवाणूंकडे डीएनए कापणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, असतात, आणि त्यांतली अनेक ठरावीक अक्षरक्रम दिसला तिथेच कापतात. तिघांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा एका विकराची खूण ‘जीएएटीटीसी’ अशी सहा अक्षरांची आहे. आता हाच क्रम जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएमध्येही येणारच. डीएनए चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि त्या चार अक्षरांतून बनलेली कोणतीही लांब यादृच्छिक माळ घेतली तर सहा अक्षरांचा विशिष्ट क्रम सरासरी ४०९६ अक्षरांमागे एकदा येतो. म्हणून जीवाणू आपल्या डीएनएवरच्या त्या जागांना मिथाइल नावाचा छोटा अणुगट चिकटवून ठेवतो आणि विकर त्यांना हात लावत नाही. काय कापायचे आणि काय कापायचे नाही, या दोन्ही गोष्टी सारख्याच नेमकेपणाने ठरलेल्या असतात. या नेमकेपणामुळेच ही विकरे प्रयोगशाळेची हत्यारे बनली आणि जनुक अभियांत्रिकी शक्य झाली.

कायद्याच्या क्षेत्रात मला हाच नेमकेपणा हवासा वाटतो, आणि तिथे तो सर्वांत जास्त वेळा हुकतो. १९६६ मध्ये स्वीकारलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे. पण तो निर्बंध कायद्याने घातलेला हवा, करारात नमूद केलेल्या हेतूंपैकी एखाद्यासाठी हवा आणि त्या हेतूसाठी आवश्यक हवा. त्याच कराराचे अठरावे कलम आणखी बारकाईने आखलेले आहे. धर्म किंवा श्रद्धा उघडपणे आचरणात आणण्यावर मर्यादा येऊ शकतात, पण विचार करण्याच्या आणि श्रद्धा बाळगण्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याची सोय त्यात मुळीच नाही.

याउलट एखाद्या कायद्यात ‘आक्षेपार्ह मजकूर’ एवढेच लिहिले आणि आक्षेपार्ह म्हणजे काय ते सांगितले नाही, तर शिक्षा सौम्य असूनही तो कायदा फार दूरवर पोहोचतो. सीमा कुठे आहे हे ठाऊक नसलेला लेखक सीमेपर्यंत जातच नाही, तो बराच अलीकडे थांबतो. संपादक त्याच्याही अलीकडे, आणि छापणारा त्याच्याही अलीकडे. अशा कायद्याखाली किती खटले झाले हे मोजून त्याचा परिणाम कळू शकत नाही, कारण बहुतेक परिणाम न लिहिलेल्या मजकुरात असतो. म्हणून निर्बंध घालणारा कोणताही मसुदा समोर आला की त्यात काय बंद केले आहे याच्याइतकेच काय स्पष्टपणे मोकळे ठेवले आहे हे वाचायला हवे. तो किती काळासाठी आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचा भार कुणावर पडला हे कुणी व कशाच्या आधारे तपासायचे, हेही त्याच मसुद्यात लिहिलेले असावे, अशी माझी मागणी आहे.